त्याच्या जागी

२०२४ च्या २६ जानेवारीची गोष्ट. सोसायटीचं झेंडावंदन आटोपून आम्ही नेहमीप्रमाणे तळमजल्यावर सुभेदार काकांकडे जमलो होतो. काका जंगी पलटणीतून निवृत्त झालेले. झेंड्याची गाठ बांधायचा मान त्यांचा आणि नंतर सगळ्यांना जिलबी खाऊ घालायचा हट्टही त्यांचाच. टीव्हीवर दिल्लीचं संचलन सुरू होतं. त्या वर्षी राष्ट्रपती आणि फ्रान्सचे पाहुणे चाळीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा त्या जुन्या बग्गीतून आले. काळी बग्गी, सोनेरी कड, जुंपलेले सहा घोडे, भोवती भालेवाले स्वार. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला. ही बग्गी व्हाइसरॉयची, फाळणीच्या वेळी ती कुणाला द्यायची यावर नाणं उडवलं आणि आपण जिंकलो! खाली ओळीने सात-आठ तिरंगे. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या नातवाने 'हेड्स की टेल्स?' असं विचारलं, त्याला कुणालाच उत्तर देता आलं नाही.

काकांना वेगळंच हवं होतं. "आपल्याकडनं ठाकूर गोविंदसिंग, ते लिवलंय. पण हरला कोण?"

योगायोगाने मला ते माहीत होतं. निवृत्तीनंतर मी जे काय वाचत बसते त्यात एकाहत्तरचं बरंच असतं. म्हटलं, साहबजादा याकूब खान. पुढे पाकिस्तानात लेफ्टनंट जनरल झाला. एकाहत्तरला ढाक्याचा सगळा कारभार त्याच्या हाती होता आणि निःशस्त्र माणसांवर फौज घालणार नाही म्हणून त्याने राजीनामा दिला. हे मी जरा ऐटीतच सांगितलं, जणू काही तो राजीनामा मीच टाइप करून दिला होता.

काका जिलबीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "मंग त्याच्या जागी कोण आलं?"

"टिक्का खान."

"मंग काय उपेग झाला?" असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, कारण ६१ कॅव्हलरीचे घोडे यायला लागले होते.

तेवढंच. त्यात वाद नव्हता, टोमणाही नव्हता. पण घरी येऊन हात धुतले, स्वयंपाकाला लागले, तरी ते वाक्य कानात राहिलं. 'त्याच्या जागी कोण आलं.' हा प्रश्न मला याआधी एवढ्या पुस्तकांत, एवढ्या लेखांत कुणी विचारलेला आठवेना. राजीनामा देणाऱ्याकडे सगळे बघतात. त्याची रिकामी खुर्ची कुठल्या क्षणी भरली याकडे फारसं कुणी बघत नाही. आणि मला तर निदान बघायला हवं होतं, का ते पुढे येईल.

याकूब खान मूळचा आपल्या इकडचा, रामपूरचा. संस्थानाच्या नवाबाच्या नात्यातलं घर, १९२० चा जन्म, डेहराडूनला शिक्षण, तिथूनच १९४० मध्ये फौजेत कमिशन. (या माणसाला अहोजाहो करावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहिताना 'तो'च येतंय, तर येऊ दे.) व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलात तो होता. त्या दलाचे १९४७ मध्ये दोनास एक असे वाटे झाले. घोडे वाटले, माणसं वाटली, खोगिरं वाटली. बग्गी एकच, ती कशी कापणार? म्हणून नाणं, असं सांगतात. माणसांसाठी मात्र नाणं नव्हतं, ज्याचं त्याने ठरवायचं होतं. याकूबने पाकिस्तान म्हटलं. त्याचा थोरला भाऊ युनूस याने भारत म्हटलं आणि तो इथल्या फौजेत राहिला. दोघा भावांच्या काश्मीरच्या लढाईतल्या गाठभेटीचे किस्से फार रंगवून सांगितले जातात. मला त्या किश्शांपेक्षा एका साध्या गोष्टीची कल्पना करवत नाही: रामपूरच्या एकाच घरातून दोन लोखंडी ट्रंका निघाल्या, दोन्हींवर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेला आणि त्या उचलायला आलेला हमाल कुठली कुठे जायची हे कुणाला तरी विचारतोय.

पण त्याच्या आधी इटली आहे, आणि ते मला कायम नाटकातल्या पहिल्या अंकासारखं वाटत आलंय. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलच्या रेट्यात जे हिंदी अधिकारी सापडले त्यांना इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवलं. तिथे कोण कोण होतं बघा. कुमारमंगलम, जे १९६६ मध्ये आपले लष्करप्रमुख झाले. आपले ए. एस. नरवणे, पुढे मेजर जनरल. आणि तीन तरुण लेफ्टनंट-कॅप्टन: याह्या खान, टिक्का खान, याकूब खान. एकाच तारेच्या कुंपणात, एकाच रेशनवर. पाव किती जणांत कापायचा, सिगारेटी किती दिवस पुरवायच्या हे सगळे मिळून ठरवत असणार. याकूबने तिथे वेळ भाषा शिकण्यात घालवला. इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शस्त्रं खाली ठेवली तेव्हा कुमारमंगलम आणि तो निसटले, इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना लपवलं, खाऊ घातलं आणि शेवटी दोघेही जर्मनांच्या हाती लागले. अठ्ठावीस वर्षांनी याह्या पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष आहे, याकूब ढाक्याला आहे आणि याकूबने नाही म्हटल्यावर ज्याला विमानात बसवून ढाक्याला धाडलं तो टिक्का आहे. एकाच ताटातले तिघे.

एक मात्र कबूल करायला हवं. याकूब खानबद्दल वाचताना माझं मन त्याच्या बाजूने झुकतं त्याचं कारण तो राजीनामा नाही, भाषा आहे. इटालियन, फ्रेंच, जर्मन, रशियन. आणि १९६९ मध्ये पूर्व पाकिस्तानात सेनापती म्हणून गेल्यावर बंगाली. पुण्यात पंचवीस-पंचवीस वर्षं राहून रिक्षावाल्याशी 'किधर जाना है'च्या पुढे न गेलेली माणसं आपण पाहतो, आणि हा जनरल लष्करी राजवटीचा प्रशासक म्हणून आलाय, हुकूम उर्दूत किंवा इंग्रजीत दिला तरी कुणी हूं की चूं करणार नाही, आणि हा बसून बंगाली गिरवतोय. कशासाठी? हौस म्हणून? की ज्यांच्यावर हुकूमत चालवायची ते आपापसात काय बोलतात ते कळावं म्हणून? दोन्ही असेल. पण भाषा शिकण्यात एक धोका असतो. ती शिकली की समोरच्या गर्दीचा नुसता गलका ऐकू येईनासा होतो, त्यातले शब्द ऐकू यायला लागतात. बंगालीत 'नाही'ला 'ना'च म्हणतात, आपल्या पोराटोरांसारखं.

त्या वेळी पूर्व पाकिस्तानात वरच्या दोन खुर्च्यांवर दोन विलक्षण माणसं होती. गव्हर्नर व्हाइस ॲडमिरल अहसान, हे निजामाच्या हैदराबादचे. १९४७ मध्ये आधी माउंटबॅटन यांचे आणि मग जिनांचे एडीसी, म्हणजे दिमतीचे लष्करी अधिकारी. आणि सेनापती याकूब. म्हणजे फाळणीच्या वेळी दिल्लीच्या त्या एकाच महालात वावरलेले दोघे तेवीस वर्षांनी ढाक्यात दुसऱ्या फाळणीच्या उंबऱ्यावर उभे. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० जागा शेख मुजीबच्या अवामी लीगने घेतल्या आणि रावळपिंडीतल्या लष्करी मंडळींच्या पोटात गोळा आला. २२ फेब्रुवारी १९७१ च्या रावळपिंडीतल्या बैठकीत दोघांनी सांगून पाहिलं की नव्या असेंब्लीची बैठक पुढे ढकलू नका, पेटेल. १ मार्चला असेंब्ली पुढे ढकलली. पेटलं. अहसानना त्याच दिवशी घरी बसवलं आणि गव्हर्नरीही याकूबकडे आली.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण गोष्ट इथून सरळ पुतळ्याकडे जायला बघते. आधीच्या डिसेंबरातच याकूबच्या मुख्यालयाने एक आराखडा तयार केला होता, ऑपरेशन ब्लिट्झ. राजकारण गुंडाळून पुन्हा कडक मार्शल लॉ कसा लावायचा त्याचा. मार्चच्या पहिल्या दिवसांत वृत्तपत्रांवर बंधनं घालणारा हुकूम निघाला तो त्याच्या सहीने. संचारबंदी लागली, रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हाही प्रमुख तोच. आणि मग ४ मार्चच्या रात्री कळलं की याह्या ढाक्याला यायला तयार नाही, बोलणी नाहीत, म्हणजे आता उरली बंदूक. ५ तारखेला याकूबने तार केली. या पेचाला लष्करी उत्तर नाही, निःशस्त्र लोकांची मोठी कत्तल होईल, त्यातून शहाणपणाचं काहीही साधणार नाही, म्हणून ही कामगिरी मी पत्करू शकत नाही, असा तिचा आशय. फौजी माणसाने लिहिलेलं इतकं सरळ वाक्य मी क्वचित वाचलंय. आराखडा काढणारा हात आणि तार लिहिणारा हात एकच. दोन्हींच्या मध्ये जेमतेम तीन महिने. त्या तीन महिन्यांत काय झालं असेल? काही झालंही नसेल. कागदावरचा आराखडा हा कागदच असतो, ऑफिसात बसून आपण किती तरी गोष्टींचे आराखडे करतो. तो खरा करायची वेळ आली तेव्हा त्याला खिडकीतून दिसणारी माणसं आणि त्यांची भाषा, दोन्ही ओळखीची झाली होती, एवढंच असेल.

त्याचा हुद्दा उतरवून मेजर जनरल केला आणि घरी पाठवलं. फौजेतल्या अनेकांनी त्याने कच खाल्ली म्हटलं.

७ मार्चला टिक्का खान ढाक्यात उतरला, त्याच दिवशी रेसकोर्सवर मुजीबचं ते भाषण झालं. ढाक्याचे मुख्य न्यायमूर्ती सिद्दिकी यांनी टिक्काला गव्हर्नरपदाची शपथ द्यायला नकार दिला. हे फार आवडीने सांगितलं जातं, आणि खरंही आहे. त्याचा पुढचा भाग कमी आवडीने सांगितला जातो: महिनाभराने, सगळं होऊन गेल्यावर, त्याच न्यायमूर्तींनी शपथ दिली. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. मधल्या महिन्यात ढाक्यात जे झालं त्यानंतर 'ना' म्हणायची किंमत बदलली होती. आणि ते जे झालं त्याचा आराखडा कसा लिहिला गेला ते एका अधिकाऱ्याने टिपून ठेवलंय. १८ मार्चची सकाळ, दोन मेजर जनरल, फिकट निळ्या रंगाचं ऑफिसचं पॅड आणि शाळेत पोरं वापरतात तसली साधी पेन्सिल. सोळा परिच्छेद, पाच पानं. ऑपरेशन सर्चलाइट. त्या पेन्सिलीचं टोक मध्ये तुटलं असेल का, कुणी टोकयंत्र शोधलं असेल का, शिपायाने चहा आणला असेल तेव्हा पॅड पालथं घातलं असेल का, असले निरुपयोगी विचार माझ्या मनात येतात. २५ मार्चच्या रात्री काय झालं ते लिहीत नाही. आपण सगळ्यांनी वाचलंय.

काकांना ते वाचायची गरज नव्हती. काका एकाहत्तरला वीस वर्षांचे होते, पहिली मराठा, जमालपूरच्या आघाडीवर. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत आणि बोलतात तेव्हा लढाईचं बोलत नाहीत. थंडीचं बोलतात. धुक्याचं बोलतात, की पहाटे पुढच्या गड्याची पाठ दिसायची नाही, नुसता त्याच्या बुटाचा आवाज. ब्रह्मपुत्रा ओलांडल्यावर गावातल्या लोकांनी मुरमुरे आणि गूळ आणून दिला, त्या गुळाला धुराचा वास होता, हे सांगतात. एकदाच, वीज गेली होती तेव्हा जिन्यात बसून, त्यांनी एका गावाचं सांगितलं. घरं जळून काळी झालेली, महिनेच झाले असावेत कारण राखेतून गवत वर आलेलं. मध्ये केळीची बाग मात्र हिरवीगार, घड लागलेले. तहान-भूक असूनही पलटणीतल्या कुणी केळ्याला हात लावला नाही. "का?" मी विचारलं. "कोणाची म्हणून घ्यायची?" एवढं बोलून त्यांनी बॅटरी लावली आणि मीटरची पेटी बघायला गेले.

तर या माणसाने 'काय उपेग झाला' म्हटलं होतं. ज्याने टिक्का खानाने मागे ठेवलेलं पायी चालत पाहिलं त्याने. मी त्याला पुस्तकातला राजीनामा सांगत होते.

आता माझं सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठची अतिक्रमणं काढायचं ठरलं, सत्तावीस झोपड्या. नियमाप्रमाणे आधी नोटिसा जायला हव्या होत्या, त्या गेल्याच नव्हत्या, कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिल्या होत्या. वरून तारीख आलेली. साहेबांनी बारनिशीच्या टेबलावर येऊन सांगितलं की जावक नोंदवहीत पंधरा दिवस मागच्या तारखेला नोंद टाका. त्या टेबलावर आमचे एक वयस्कर सहकारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा काही बाणेदार वगैरे बोलले नाहीत. उजवा हात डाव्या हाताने दाबत म्हणाले, "साहेब, कालपासून हात वळत नाहीये." आणि दुपारी चार दिवसांच्या वैद्यकीय रजेचा अर्ज टाकून निघून गेले. सगळ्या ऑफिसला कळलं काय ते. साहेब दोन मिनिटं तिथेच उभे राहिले, मग म्हणाले, "वही बाईंकडे द्या."

बाई म्हणजे मी.

मी नोंद टाकली. मागच्या पानावर ओळ शिल्लक नसते, मग आधीच्या क्रमांकाला 'अ' लावायचा असतो, तो मी लावला. शाई वेगळी दिसू नये म्हणून पेन बदललं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच केलं. आजही मला त्या कामाची जी एक गोष्ट सगळ्यात टोचते ती ही, की अक्षर फार छान आलं होतं. नोकरी कायम होऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगी लहान होती, घराचं कर्ज होतं, ही कारणं आहेत आणि खोटी नाहीत. चौथ्या दिवशी बसने जाताना ओढ्याच्या पुलावरून पाहिलं, सामान रस्त्याकडेला काढून ठेवलेलं, एका बाईने डालडाच्या डब्यातली तुळस छातीशी धरलेली. तुळस खाली ठेवायला तिला जागा हवी होती आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं. बस पुढे गेली.

पाचव्या दिवशी अण्णा कामावर आले. वही त्यांच्या टेबलावर परत गेली. त्यांनी ते पान पाहिलं असणारच, पण मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, दुपारी नेहमीसारखा चहा मागवला, माझा अर्धा कप मला दिला. त्यांचं बोलणं मी सोसलं असतं. त्या चहाचं अजून काय करावं कळत नाही. कारण त्या खोलीत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं की त्यांचं 'नाही' उभं राहायला माझं 'हो' कामी आलं. वही माझ्याकडे आली नसती, मी हात दाबला असता, पुढच्यानेही दाबला असता तर? पण पुढचा कुणीतरी असतोच, आणि नाही म्हणणाऱ्यालाही मनातून ते ठाऊक असतं. मग त्याने कशासाठी म्हणायचं? स्वतःचे हात स्वच्छ राहावेत म्हणून? काकांच्या प्रश्नात मला हे सगळं ऐकू आलं होतं. त्यांच्या डोक्यात टिक्का खान होता. माझ्या डोळ्यांसमोर 'अ' लावलेला तो जावक क्रमांक.

आणि अण्णांचंही पुढे ऐका. काही वर्षांनी ते हेडक्लार्क झाले, आणि त्यांच्या हाताखाली त्याहून वाईट कागद फिरले. त्यांवर त्यांच्या सह्या आहेत, मी स्वतः फायलीत लावल्यात. हात व्यवस्थित वळत होता. म्हणून पाचव्या मार्चनंतरचा याकूब खान मला चकित करत नाही. भुट्टो सत्तेवर आले, त्यांनी त्याला राजदूत केलं, आधी पॅरिस, मग १९७३ पासून वॉशिंग्टन. मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काही बंदूकधाऱ्यांनी तीन इमारतींत जवळपास दीडशे माणसं ओलीस धरली होती, तेव्हा इजिप्त, इराण आणि पाकिस्तान यांचे राजदूत बोलणी करायला गेले. त्यातला एक हा. कुराणातली वचनं सांगून त्यांनी त्या लोकांना बोलतं केलं, ओलीस सुटले. भाषा इथेही उपयोगी पडली. चारच महिन्यांत झिया-उल-हक यांनी भुट्टोंना उलथवलं आणि एप्रिल १९७९ मध्ये फासावर चढवलं. याकूब मॉस्कोला राजदूत झाला, मग पुन्हा पॅरिस, आणि १९८२ मध्ये झियांचा परराष्ट्रमंत्री. पुन्हा लष्करी राजवट, पुन्हा वर्दीतला अध्यक्ष, आणि त्या राजवटीचा जगाला दाखवायचा सुसंस्कृत, बहुभाषी चेहरा हा. एका लष्करशहाला 'माझ्याच्याने होणार नाही' अशी तार करणारा माणूस दुसऱ्या लष्करशहाच्या टेबलावर साडेपाच वर्षं फायली घेऊन बसला, अफगाणिस्तानच्या जिनिव्हातल्या बोलण्यांत तास न् तास घालवले. १९८७ च्या नोव्हेंबरात बाजूला झाला, पुढच्या वर्षी परत आला. झिया विमान अपघातात गेले, भुट्टोंची मुलगी पंतप्रधान झाली, आणि तिच्याही मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री तोच. लष्कराची ती अट होती असं मानलं जातं. बापाला ज्याने फाशी दिली त्याच्या मंत्र्याला बेनझीर रोज बैठकीत 'साहबजादासाहेब' म्हणत असतील, आणि हा त्याच अदबीने उठून उभा राहत असेल.

त्याचा दिल्लीचा एक फेरा मला विसरता येत नाही. जानेवारी १९९०, काश्मीर धुमसतंय, आणि पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री म्हणून हा दिल्लीत आलाय, कडक शब्दांत बोलायला. समोर आपले इंद्रकुमार गुजराल. गुजराल झेलमचे, हा रामपूरचा. दोघेही ज्या देशाच्या वतीने बोलत होते त्या देशात जन्मलेले नव्हते, आणि दोघांचं उर्दू एकाच पिठाच्या चक्कीतलं. ज्या गावी आपली बग्गी राहिली तिथे तो युद्धाची भाषा घेऊन आला होता. गाडीतून जाताना राष्ट्रपती भवनाकडे त्याने मान वळवली असेल का? अंगरक्षक दलाचे तबेले अजून तिथेच आहेत, लीद आणि ओल्या गवताचा तो वास माणूस विसरत नाही म्हणतात.

म्हणजे एक राजीनामा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे चाळीसेक वर्षांची ताबेदारी. हिशेब करायला बसलं तर जमेच्या बाजूला एकच ओळ. बाकी सगळं पान भरलेलं. मला कधी वाटतं ती एकच ओळ खरी आणि बाकी पोटापाण्याचं. कधी उलट वाटतं, की त्या एका ओळीच्या जोरावर त्याने पुढे स्वतःला सगळं माफ केलं असेल. अण्णांबद्दलही मला दोन्ही वाटतं. माझ्या पानावर तर ती एक ओळही नाही, त्यामुळे जास्त बोलू नये हे बरं.

याकूब खान पंच्याण्णव वर्षांचा होऊन इस्लामाबादला वारला, तो दिवस २६ जानेवारी २०१६. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर कुणाला तरी सांगायलाच हवं असं वाटलं. परवा संध्याकाळी काकांकडे विळी मागायला गेले होते, आमच्या विळीची धार गेली म्हणून. काकू देवळात. काका एकटेच, पायावर शाल घेऊन. म्हटलं, काका, तो नाणेफेक हरलेला, तो २६ जानेवारीलाच गेला बरं का.

"आपल्याच दिवशी?" काकांना मजा वाटली. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "त्या ताईसायबांना बसवलंवतं ते घोडे पुन्ना दाखवता का फोनवर?"

मी शोधून लावलं. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला, लांब, चष्म्याच्या खालच्या काचेतून. बग्गी त्या चौड्या रस्त्यावर येत होती, आवाज बंद होता, म्हणून टापांऐवजी काकांच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मला सगळे घोडे सारखेच दिसत होते. काकांनी बोट लावलं तसं चित्र थांबलं, पुन्हा लावलं तसं सुरू झालं.

"ह्यो बघा पुढचा, डावा. मान झटकतोय. लगाम टोचत आसंल." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "पण पाय बघा. पाय नाय चुकत त्याचा."

विळी स्वयंपाकघरात ओट्याखाली होती. ती घेऊन मी वर आले.